वाफसा येईपर्यंत: मोडलेल्या बास्केटबॉल संघाची नव्याने उभारणी कशी करावी

2 डिसेंबर 2021 रोजी मेम्फिसमध्ये ओक्लाहोमा सिटी थंडर हा संघ 152–79 असा हरला. 73 गुणांचा हा फरक एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, इतिहासातील सर्वांत मोठा ठरला. संघाचा प्रमुख खेळाडू शे गिल्जस-अलेक्झांडर त्या रात्री खेळत नव्हता हे खरे, पण खेळला असता तरी सामना जिंकला असता असे म्हणायला कोणी धजावले नसते. पुढे 22 जून 2025 रोजी याच संघाने इंडियाना पेसर्सला अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात 103–91 असे हरवून विजेतेपद मिळवले. आपल्याकडे तेव्हा सोमवारची पहाट होती, आणि चहाचा कप हातात धरून तो सामना पाहणाऱ्या अनेकांना मेम्फिसची ती रात्र आठवतही नसेल. मला मात्र एक गोष्ट लक्षणीय वाटते: दोन्ही दिवशी महाव्यवस्थापक सॅम प्रेस्टी होते आणि प्रशिक्षक मार्क डेग्नॉल्ट होते.

पहिला पाऊस पडला म्हणून घाईने तिफण जुंपणाऱ्या शेतकऱ्यावर दुबार पेरणीची पाळी येते. जाणता शेतकरी माती मुठीत घेऊन ओल पाहतो, वाफसा येण्याची वाट पाहतो. मात्र तोवर त्याची नांगरणी, वखरणी आणि बियाण्याची निवड होऊन गेलेली असते. व्यावसायिक बास्केटबॉलमधील संघबांधणी या जातीची आहे. पुढील पायऱ्या प्रामुख्याने थंडरच्या 2019 ते 2025 या काळावरून मांडल्या आहेत, आणि जेथे त्यांच्या चुका शिकवण्यासारख्या आहेत तेथे त्याही सांगितल्या आहेत. वाचकाने आपण एखाद्या संघाच्या महाव्यवस्थापकाच्या खुर्चीत बसलो आहोत अशी कल्पना करून वाचावे.

पहिली पायरी: आपण कोठे उभे आहोत हे कागदावर मांडावे

बास्केटबॉलमध्ये सर्वांत धोक्याची जागा तळाची नसून मधली असते. 82 सामन्यांच्या हंगामात 40 ते 49 सामने जिंकणारा संघ विजेतेपदाच्या जवळ नसतो आणि उत्तम तरुण खेळाडू मिळवण्याइतका खालीही नसतो. दरवर्षी थोडी डागडुजी करून तो तेथेच राहतो. 2018–19 मध्ये थंडरने 49 सामने जिंकले. संघात रसेल वेस्टब्रुक आणि पॉल जॉर्ज असे दोन नामांकित खेळाडू होते. तरीही सलग तिसऱ्या वर्षी संघ प्लेऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद स्पर्धेच्या, पहिल्या फेरीत बाद झाला. त्या वर्षी पोर्टलंडच्या डेमियन लिलार्डने सुमारे 37 फुटांवरून टाकलेल्या चेंडूने मालिका संपवली.

अशा वेळी तीन तक्ते करावेत. पहिल्यात प्रत्येक खेळाडूचे आजचे वय आणि चार वर्षांनंतरचे वय लिहावे. दुसऱ्यात कोणाचा करार कोणत्या वर्षी संपतो आणि त्या वर्षी तो किती रकमेचा असेल ते लिहावे. तिसऱ्यात पुढील सात वर्षांच्या ड्राफ्टमधील (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील) आपले कोणते हक्क आपल्याकडे आहेत आणि कोणते देऊन टाकले आहेत याची नोंद करावी. हे तिन्ही तक्ते शेजारी ठेवल्यावर, ज्या वर्षी आपले सर्वोत्तम खेळाडू ऐन भरात असतील त्याच वर्षी आपल्याकडे पैशाची मोकळीक आणि हक्कांची शिल्लक असेल का, हे कळते. थंडरचे उत्तर नकारार्थी होते: वेस्टब्रुक 30 वर्षांचा होता, त्याच्या मोठ्या कराराची चार वर्षे उरली होती आणि संघ लक्झरी टॅक्स, म्हणजे ठरावीक रकमेपेक्षा जास्त पगार दिल्याबद्दलचा दंड, भरत होता. ज्याचे उत्तर होकारार्थी येईल त्याने संघ मोडण्याच्या भानगडीत पडू नये.

दुसरी पायरी: मालकाकडून वेळ मागून घ्यावा, आणि शहरालाही सांगावे

हे काम बहुतेक व्यवस्थापक उरकून टाकतात, आणि बहुतेक बांधण्या येथेच फसतात. मालकाला पहिल्याच बैठकीत सांगावे की दोन हंगाम संघ वाईट खेळेल, तिसऱ्या हंगामात थोडे अंकुर दिसतील आणि त्या अंकुरांना भुलून आपण काही विकत घेणार नाही. त्याला हे मान्य नसेल तर दुसरा मार्ग निवडणे प्रामाणिकपणाचे ठरते.

याचे उलट उदाहरण आपल्या जवळचे आहे. सॅक्रामेंटो किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले. भारतात एनबीएचे पहिले सामने ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाले तेव्हा त्यांचाच संघ इंडियानाविरुद्ध खेळला, आणि मुंबईकरांना त्याचे साहजिकच कौतुक वाटले. परंतु 2013 मध्ये संघ हाती घेतल्यानंतरचा त्यांचा कारभार उतावळेपणाचा नमुना म्हणून अभ्यासावा लागतो. त्यांनी नेमलेले प्रशिक्षक मायकेल मलोन यांना डिसेंबर 2014 मध्ये, दुसऱ्याच हंगामाच्या मध्यावर काढण्यात आले, आणि त्या एका हंगामात संघाने तीन प्रशिक्षक पाहिले. मलोन पुढे डेन्व्हरला गेले आणि 2023 मध्ये विजेते ठरले. 2015 मध्ये नामांकित खेळाडूंना करारबद्ध करण्यासाठी पगाराची जागा मोकळी करायची म्हणून सॅक्रामेंटोने तीन खेळाडूंसह पहिल्या फेरीचे एक पिक (ड्राफ्टमधील निवडीचा हक्क) आणि दोन वर्षांचे पिकांच्या अदलाबदलीचे हक्क फिलाडेल्फियाला देऊन टाकले. किंग्ज सलग 16 हंगाम प्लेऑफबाहेर राहिले, आणि एनबीएमध्ये इतका दीर्घ दुष्काळ दुसऱ्या कोणत्याही संघाने भोगलेला नाही. त्यातील पहिली काही वर्षे आधीच्या मालकांची होती हेही न्यायाने सांगायला हवे.

प्रेस्टी यांनी जुलै 2019 मध्ये 'द ओक्लाहोमन' या स्थानिक दैनिकात लेख लिहून शहराला पुढच्या वाटेची कल्पना दिली. प्रेक्षकांना अंधारात ठेवून हरणे आणि त्यांना सांगून हरणे यांत मोठा फरक आहे. डिसेंबर 2023 मध्ये नव्या क्रीडागृहासाठी एक टक्का विक्रीकराचा प्रस्ताव मतदानाला आला तेव्हा सुमारे 71 टक्के मतदारांनी त्याच्या बाजूने कौल दिला. तोवर संघ पुन्हा जिंकू लागला होता, हेही त्या कौलामागे असणारच.

तिसरी पायरी: घाईत असलेल्या ग्राहकाला विकावे

येथे काही शब्द स्पष्ट करून घेणे आवश्यक आहे. ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंची वार्षिक निवड. तिच्या दोन फेऱ्या असतात, आणि त्यातील निवडीच्या हक्काला सगळे 'पिक' म्हणतात. हा इंग्रजी 'पिक' आणि आपले 'पीक' यांत एका वेलांटीचाच फरक आहे, आणि स्वभाव दोघांचाही सारखाच बेभरवशाचा आहे. पिक सात वर्षे पुढचे असले तरी विकता येते. मात्र लागोपाठच्या दोन भावी वर्षांत संघाकडे पहिल्या फेरीचे एकही पिक उरणार नाही असा व्यवहार करता येत नाही. 1980 च्या दशकाच्या आरंभी क्लीव्हलंडचे मालक टेड स्टेपियन यांनी पिके इतकी उधळली की हा नियम त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. 'संरक्षित' पिक म्हणजे ठरावीक क्रमांकाच्या आत आले तर मूळ संघाकडेच राहणारे पिक, आणि 'स्वॅप' म्हणजे दोन संघांच्या पिकांपैकी वरचे आपण घेण्याचा हक्क.

जुलै 2019 मध्ये करारमुक्त झालेल्या कवाय लेनर्ड या ताऱ्याला लॉस एंजलिस क्लिपर्सकडे जायचे होते, पण सोबत पॉल जॉर्ज हवा होता. क्लिपर्ससमोर दोन खेळाडूंचा प्रश्न एकाच व्यवहाराने सुटणार होता, आणि त्यामुळे थंडरला एका जॉर्जसाठी जवळजवळ दोन खेळाडूंची किंमत मागता आली: शे गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीची पाच पिके आणि दोन स्वॅप. लगेच वेस्टब्रुकला ह्यूस्टनकडे पाठवून क्रिस पॉल, आणखी दोन पिके आणि दोन स्वॅप घेण्यात आले.

या व्यवहारांतून विक्रेत्याने तीन गोष्टी उचलाव्यात. एक, पिकांबरोबर किमान एक असा तरुण खेळाडू मागावा ज्याची खरी उंची अजून कोणी मोजलेली नाही; शे तेव्हा अवघे एक हंगाम खेळलेला, 2018 च्या ड्राफ्टमधील अकराव्या क्रमांकाचा खेळाडू होता. दोन, पिके वेगवेगळ्या वर्षांची आणि शक्यतो दूरची मागावीत. आज ज्या संघाचे तारे 28–29 वर्षांचे आहेत तो पाच वर्षांनी थकलेला असण्याची शक्यता मोठी, आणि त्याचे तेव्हाचे पिक आजच्या अंदाजापेक्षा मोलाचे ठरते. बोस्टनने 2013 मध्ये केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स हे उतारवयाला लागलेले तारे ब्रुकलिनला देऊन असेच हक्क घेतले होते. त्यांतून 2016 मध्ये जेलन ब्राउन आणि 2017 मध्ये जेसन टेटम हाती आले, आणि 2024 मध्ये बोस्टन विजेता ठरला. तीन, संरक्षित पिकांची किंमत निम्मीच धरावी. फिलाडेल्फियाकडून थंडरला मिळालेले 2025 चे पिक पहिल्या सहा क्रमांकांपुरते संरक्षित होते. फिलाडेल्फिया त्या वर्षी अनपेक्षितपणे कोसळला, लॉटरीत (पिकांचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत) तिसऱ्या क्रमांकावर आला, आणि थंडरच्या हाती त्या वर्षी काहीही पडले नाही.

क्लिपर्सचे 2022 चे पिक बाराव्या क्रमांकावर आले आणि त्यावर सँटा क्लारा या लहान विद्यापीठातील जेलन विल्यम्स निवडला गेला. तीन वर्षांनी अंतिम मालिकेच्या पाचव्या सामन्यात त्याने 40 गुण केले. एका पॉल जॉर्जच्या बदल्यात विजेत्या संघाचे पहिले दोन खेळाडू मिळाले. इतके फळ कोणत्याही योजनेत गृहीत धरता येत नाही, पण इतकी बियाणी हाताशी नसती तर ते उगवलेही नसते.

चौथी पायरी: मोकळी जागा भाड्याने द्यावी

ज्या संघाला सध्या जिंकायचे नाही त्याच्याकडे एक दुर्मीळ वस्तू असते, ती म्हणजे सॅलरी कॅपमधील (संघाच्या एकूण पगाराच्या मर्यादेतील) मोकळी जागा आणि मैदानावरची मोकळी मिनिटे. इतर संघांना जड झालेला करार आपण स्वीकारावा आणि त्याचे भाडे पिकांच्या रूपाने घ्यावे. क्रिस पॉलचा करार 2019 मध्ये कोणालाही नको होता. थंडरने त्याला मानाने खेळवले, संघ 44–28 असा (44 विजय, 28 पराभव) खेळला, आणि वर्षभरानंतर फीनिक्सने त्याला आनंदाने नेले. अल हॉरफर्डबाबतही तेच घडले: थंडरने त्याला घ्यावे म्हणून फिलाडेल्फियाने उलट एक पिक दिले (वर सांगितलेले संरक्षित पिक ते हेच), आणि सहा-सात महिन्यांनी त्याला बोस्टनकडे पाठवताना थंडरला केम्बा वॉकरच्या जड कराराबरोबर सोळाव्या क्रमांकाचे पिक मिळाले.

या ठिकाणी मी प्रेस्टींच्या निर्णयाशी सहमत नाही. ते सोळावे पिक त्यांनी ह्यूस्टनला दोन भावी पिकांच्या बदल्यात दिले. ह्यूस्टनने त्यावर अल्परेन शेंग्यूनला निवडले आणि 2025 मध्ये तो ऑल-स्टार, म्हणजे लीगच्या निवडक ताऱ्यांपैकी एक, झाला. भावी पिके साठवत राहण्याची सवय लागली की समोरचा खेळाडू दिसेनासा होतो. संघात नियमित करार फक्त 15 खेळाडूंशी करता येतात. कणगीत धान्य कितीही साठले तरी ताटात तेवढेच वाढता येते.

ज्येष्ठ खेळाडूंना वागवण्याचा प्रश्न केवळ सभ्यतेचा नाही. त्यांचे एजंट इतर पन्नास खेळाडूंचेही एजंट असतात, आणि पुढे जेव्हा आपल्याला मुक्त बाजारातून कोणी हवा असेल तेव्हा हीच मंडळी आपल्याविषयी दोन शब्द बोलणार असतात.

पाचवी पायरी: हरण्याचे गणित समजून घ्यावे

हरणे ही योजना आहे असे समजणारे येथे फसतात. प्लेऑफला न पोहोचलेले 14 संघ लॉटरीत असतात आणि पहिली चार पिके सोडतीने ठरतात. 2019 पूर्वी सर्वांत वाईट संघाला पहिले पिक मिळण्याची शक्यता 25 टक्के होती. त्यानंतर तळाच्या तिन्ही संघांना प्रत्येकी 14 टक्के झाली. सर्वांत वाईट संघ पाचव्यापेक्षा खाली जाऊ शकत नाही, पण तो नेमका पाचव्यावर घसरण्याची शक्यता जवळजवळ 48 टक्के आहे. डेट्रॉइट 2023 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये तळाशी राहूनही पाचव्यावर गेला; 2025 मध्ये 17–65 असा खेळलेला युटाही पाचव्यावरच गेला, आणि त्याच वर्षी केवळ 1.8 टक्के शक्यता असलेल्या डॅलसने पहिले पिक पटकावले. तेव्हा तळापासून तिसरे असणे आणि तळाशी असणे यांत पहिल्या पिकापुरता फरक नाही. शेवटचे चार-पाच सामने मुद्दाम घालवून जे मिळते त्यापेक्षा लॉकर रूममध्ये जे बिघडते ते अधिक.

थंडर 2020–21 मध्ये 22–50 आणि 2021–22 मध्ये 24–58 असा खेळला. पहिल्या वर्षी लॉटरीने दगा दिला: ह्यूस्टनचे पिक स्वॅपने मिळण्याची आशा होती, ते गेले, आणि स्वतःचे पिक सहाव्यावर घसरले. त्यावर जॉश गिडी आला. दुसऱ्या वर्षी नशीब फिरले आणि दुसऱ्या क्रमांकावर चेट होल्मग्रेन मिळाला. पण ऑगस्ट 2022 मध्ये एका प्रदर्शनीय सामन्यात त्याच्या पायाला दुखापत झाली आणि तो पूर्ण हंगाम बाहेर बसला. योजना आखताना असे एक वर्ष वाया जाईल हे धरूनच चालावे.

फिलाडेल्फियाची गोष्ट याच संदर्भात सांगितली जाते. महाव्यवस्थापक सॅम हिंकी यांच्या कारकिर्दीत 2013–14 पासूनच्या तीन हंगामांत संघाने 246 पैकी केवळ 47 सामने जिंकले. त्यातून जोएल एम्बीड आणि बेन सिमन्स मिळाले, परंतु त्या फळीने प्लेऑफची दुसरी फेरी कधी ओलांडली नाही. हिंकींवर टीका करणारे हरण्याला दोष देतात. मला दोष हरण्यानंतरच्या घाईत दिसतो. एप्रिल 2016 मध्ये हिंकी गेले आणि 2017 मध्ये नव्या व्यवस्थापनाने तिसऱ्या क्रमांकावरून पहिल्यावर जाण्यासाठी बोस्टनला जादा पिकाचा हक्क दिला. पहिल्यावर मार्केल फुल्ट्झ निवडला गेला आणि बोस्टनने तिसऱ्यावर टेटमला घेतले. तो तिसरा क्रमांक फिलाडेल्फियाला मिळाला होता तो सॅक्रामेंटोच्या 2015 च्या उतावळ्या व्यवहारातील स्वॅपमुळे. एकाच्या घाईतून आलेले धन दुसऱ्याने घाईतच घालवले.

सहावी पायरी: हरत असताना शिकवावे

मला विचारले तर सगळ्या पायऱ्यांमध्ये हीच निर्णायक आहे, आणि हिच्यावर सर्वांत कमी लिहिले जाते. वाईट हंगामात संघाकडे जी मिनिटे असतात ती प्रयोगशाळेसारखी वापरता येतात. जिंकण्याचे दडपण आले की ती संधी संपते.

प्रथम प्रशिक्षक असा निवडावा की ज्याचा पेशाच खेळाडू घडवण्याचा आहे. डेग्नॉल्ट 2014 ते 2019 या काळात थंडरच्या जी-लीगमधील (एनबीएच्या दुय्यम लीगमधील) संलग्न संघाचे, म्हणजे ओक्लाहोमा सिटी ब्लूचे प्रशिक्षक होते. त्यामुळे 2020 मध्ये मुख्य संघाची सूत्रे हाती घेताना त्यांना संस्थेची पद्धत आतून माहीत होती. दुय्यम संघ त्याच शहरात असल्याने एखादा खेळाडू सकाळी एका संघाबरोबर सराव करून संध्याकाळी दुसऱ्याकडून खेळू शकतो, आणि दोन्हीकडे तीच आखणी, तेच शब्द, तीच बचावाची तत्त्वे असतात. 2022 मध्ये सॅन अँटोनिओहून चिप एंगेलंड यांना आणण्यात आले. नेम सुधारणारा प्रशिक्षक म्हणून त्यांचे नाव मोठे आहे. मुक्त बाजारात चांगला नेमबाज महाग मिळतो, म्हणून घरच्यालाच नेमबाज करण्याचा खर्च परवडतो.

दुसरे, सर्वांत वरच्या पिकांइतकेच लक्ष तळाच्या खेळाडूंकडे द्यावे. लू डोर्ट 2019 च्या ड्राफ्टमध्ये निवडलाच गेला नव्हता. तो टू-वे करारावर (मुख्य आणि दुय्यम अशा दोन्ही संघांकडून खेळण्याच्या करारावर) आला आणि लीगमधील सर्वांत चिवट बचावपटूंपैकी एक झाला. ॲरन विगिन्स 2021 मध्ये पंचावन्नाव्या क्रमांकावर मिळाला. आयझेया जोला फिलाडेल्फियाने ऑक्टोबर 2022 मध्ये सोडून दिले तेव्हा थंडरने उचलले. विजेत्या संघाच्या या तिघांवर पहिल्या फेरीचे एकही पिक खर्ची पडले नाही. उलट अलेक्सेई पोकुशेव्स्की (2020, सतरावा) आणि उस्मान डिएंग (2022, अकरावा) यांच्यावर मोठी आशा ठेवूनही तशी फळे आली नाहीत. म्हणून पेरताना दाणे जास्त टाकावेत आणि विरळणी निष्ठुरपणे करावी. ज्याला तीन वर्षे मिनिटे देऊनही जमत नाही त्याला केवळ आपण निवडला म्हणून धरून ठेवू नये.

तिसरे, मोजमाप बदलावे. जय-पराजयाच्या तक्त्याऐवजी दर महिन्याला हे पाहावे: संघ चेंडू किती वेळा गमावतो, प्रतिस्पर्ध्याला रिंगजवळ किती संधी देतो, तरुण खेळाडू चौथ्या क्वार्टरमध्ये बचावाची जागा विसरतो का, आणि नव्याने आलेला माणूस दहा दिवसांत आखणी शिकतो का. थंडरने निवडलेल्या बहुतेक खेळाडूंमध्ये चेंडू हाताळण्याची आणि पास देण्याची क्षमता होती, मग त्यांची उंची कितीही असो. त्यामुळे दुखापतींनी संघ विस्कळीत झाला तरी खेळाची पद्धत विस्कटत नसे.

सोबत काही जाणते खेळाडू ठेवावेत. डेट्रॉइटने 2023–24 मध्ये सलग 28 सामने हरून 14–68 अशी नामुष्की पत्करली. पुढल्या वर्षी नव्या प्रशिक्षकाबरोबर टोबायस हॅरिस, मलिक बीझली आणि टिम हार्डवे धाकटा असे अनुभवी लोक आणल्यावर तोच तरुण गाभा 44–38 असा खेळला. मुले तीच होती, पण योग्य जागी उभे राहून त्यांना मोकळीक देणारे कोणीतरी आता त्यांच्या शेजारी होते.

सातवी पायरी: अंकुर दिसले तरी हात आवरावा, आणि मग आवरू नये

2022–23 मध्ये थंडरने अनपेक्षितपणे 40 सामने जिंकले. शे सरासरी 31.4 गुण करत होता. फेब्रुवारीतील व्यवहारांच्या मुदतीपूर्वी पिकांची थैली उघडून एखादा तारा आणावा असे अनेकांना वाटले. प्रेस्टींनी तसे केले नाही. संघ प्ले-इनमध्ये (प्लेऑफच्या शेवटच्या जागांसाठीच्या सामन्यांत) न्यू ऑर्लिन्सला हरवून मिनेसोटाकडून हरला. होल्मग्रेन अजून एकही सामना खेळला नव्हता, तेव्हा आपल्याला नेमके काय कमी पडते हेच कळलेले नव्हते. उणीव ठाऊक नसताना केलेली खरेदी ही खरेदी नसून जुगार असतो.

पुढील हंगामात संघ 57–25 असा खेळून पश्चिम विभागात पहिला आला. फेब्रुवारी 2024 मध्ये गॉर्डन हेवर्डला आणण्यात आले, पण तो संघात बसलाच नाही. प्रेस्टींनी ती चूक नंतर उघडपणे मान्य केली. खरे ज्ञान मिळाले ते दुसऱ्या फेरीत डॅलसकडून 4–2 असे हरल्यावर. रिबाउंडमध्ये, म्हणजे नेम चुकून परतलेला चेंडू पकडण्यात, संघ कमी पडत होता, आणि गिडीला बाहेरून नेम नसल्याने प्रतिस्पर्धी त्याला मोकळे सोडून इतरांवर दोघे धावून जात होते. मालिकेच्या उत्तरार्धात त्याला सुरुवातीच्या पाचांतून वगळावे लागले.

आता वाफसा आला होता, आणि त्याच्या खुणा स्पष्ट सांगता येतात: सर्वोत्तम खेळाडू लीगमधील पहिल्या चार-पाचांत पोहोचलेला आणि दीर्घ कराराने बांधलेला, दुसरा व तिसरा खेळाडू अजून नवोदितांच्या स्वस्त करारावर, आणि उणीव एका वाक्यात सांगता येईल इतकी नेमकी. या तिन्ही खुणा जुळल्यावर थंडरने जी चपळाई दाखवली ती आधीच्या संयमाइतकीच महत्त्वाची आहे. जून 2024 मध्ये 21 वर्षांचा गिडी शिकागोला देऊन तिशीतला ॲलेक्स करूसो घेतला. सोबत पिक घेतले नाही, याबद्दल तेव्हा बरीच टीका झाली. जुलैत आयझेया हार्टनस्टाइनशी तीन वर्षांचा 8 कोटी 70 लाख डॉलरचा करार केला. पुढच्या वर्षी डेन्व्हरविरुद्धच्या सातव्या सामन्यात सहा फूट पाच इंचांचा करूसो आपल्याहून बराच उंच असलेल्या निकोला योकिच या डेन्व्हरच्या ताऱ्याच्या अंगाला अंग लावून उभा राहिला आणि थंडर 125–93 असा जिंकला. गिडी गुणवान होताच. पण संघ उभारणाऱ्याला आपले सहाव्या क्रमांकाचे पिक 'वाया गेले' असे लोक म्हणतील ही भीती सोडता आली पाहिजे.

आठवी पायरी: जिंकल्यावरचे पंचांग आधीच मांडावे

2012 मध्ये हाच संघ आणि हेच महाव्यवस्थापक अंतिम मालिकेत पोहोचले होते. तेव्हा संघात केव्हिन ड्युरंट, वेस्टब्रुक आणि जेम्स हार्डन होते. हे तिघेही पुढे वेगवेगळ्या हंगामांत लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले, पण कराराच्या रकमेवर एकमत न झाल्याने ऑक्टोबर 2012 मध्ये हार्डनला ह्यूस्टनकडे धाडण्यात आले, 2016 मध्ये ड्युरंट निघून गेला, आणि त्या फळीला विजेतेपद कधीच मिळाले नाही. तरुण संघाला वेळच वेळ आहे, हा भ्रम प्रेस्टींनी स्वतः महागात घेतला होता.

आजचे नियम अधिक कडक आहेत. 2024–25 मध्ये सॅलरी कॅप सुमारे 14 कोटी 6 लाख डॉलर होती, आणि त्याच्या बऱ्याच वर, सुमारे 18 कोटी 89 लाखांवर, 'सेकंड एप्रन' नावाची रेषा होती. ती ओलांडणाऱ्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून व्यवहार करता येत नाही, रोख रक्कम देता येत नाही, आणि सात वर्षे पुढचे त्याचे पहिल्या फेरीचे पिक गोठवले जाते. 2025 च्या उन्हाळ्यात थंडरने शे गिल्जस-अलेक्झांडरशी चार वर्षांचा 28 कोटी 50 लाख डॉलरचा वाढीव करार केला आणि होल्मग्रेन व जेलन विल्यम्स यांच्याशीही प्रत्येकी पाच वर्षांचे मोठे करार केले. त्या दोघांचे 2026–27 पासून लागू होणारे. तेव्हा विजेतेपदाच्या आधीच लिहून ठेवावे की त्या वर्षी कोण महाग होणार, कोणाला सोडावे लागणार आणि त्याच्या जागी स्वस्तातला कोण तयार असेल. साठवलेल्या पिकांचा खरा उपयोग येथे होतो: पहिल्या फेरीतील नवोदिताचा करार चार वर्षांचा, ठरीव आणि तुलनेने अल्प रकमेचा असतो, आणि तीन ताऱ्यांच्या पगारानंतर उरलेल्या जागा अशा खेळाडूंनीच भरता येतात. 2023 मध्ये दहाव्या क्रमांकावर आलेला केसन वॉलेस विजेत्या संघात नियमित खेळत होता तो याच हिशेबाने.

सातव्या सामन्यानंतर तिसऱ्या दिवशी, 25 जून 2025 रोजी, ड्राफ्ट होता. पॉल जॉर्जच्या 2019 च्या व्यवहारातील स्वॅप वापरून थंडरने आपले तिसावे पिक क्लिपर्सला दिले आणि त्यांचे चोविसावे घेतले. ते त्यांनी सॅक्रामेंटोला देऊन त्याबदल्यात पहिल्या फेरीचे एक भावी पिक मिळवले. क्लिपर्सचे 2026 चे पिक, म्हणजे त्याच जुन्या व्यवहाराचा शेवटचा हप्ता, तेव्हा अजून यायचा होता.